आधी मोठा, मग धाकटा

१४ डिसेंबर

दादा,

वर तीर्थरूप लिहिणार होतो, पण मास्तर म्हणाले, मनात नसेल ते कागदावर आणू नये. मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या पथारीवरचे गृहस्थ. शाळेत भाषा शिकवायचे. इथे कसे आले हे विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलेलं नाही.

आठ वर्षांत हे माझं पहिलं पत्र. तुझंही एक आलेलं नाही, पण म्हणून फिट्टंफाट झाली असं समजू नकोस. पाकीट घरी न पाठवता तुझ्या चष्म्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. ते इथल्या कारकुनाच्या हातून गेलेलं नाही. भटारखान्यात भाजी टाकायला येणारा माणूस ते बाहेरच्या पेटीत टाकतो, त्यामुळे त्यावर तुरुंगाचा शिक्का नाही. निर्धास्त फोड. तू लोकांना सांगितलंयस ना, की धाकटा जहाजावर नोकरीला आहे? मला कळलं. आपल्या गल्लीतला एक जण मध्यंतरी इथे महिनाभर पाहुणा होता. मला बघून तो ओरडला, "अरे, तू तर बोटीवर होतास!" अख्खी बराक हसून लोळली. तेव्हापासून मला इथे सगळे कप्तान म्हणतात. तेवढी बढती तुझ्यामुळे मिळाली.

आता मुद्द्याचं. इथे आठवड्यातून एकदा एक डॉक्टरीणबाई येतात. गेल्या महिन्यात त्यांनी आमच्या सगळ्यांचं रक्त तपासलं. माझ्यात एचआयव्ही निघाला नाही. हिपॅटायटिस सी निघाला. यकृतात ठाण मांडून बसणारा विषाणू आहे, रक्तातून रक्तात जातो. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. माणूस खातो-पितो, हिंडतो, आणि आत यकृत वाळत जातं. बाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, "हे आजकालचं दिसत नाही. माझ्या अंदाजाने दहा-बारा वर्षांचं जुनं आहे."

दहा-बारा वर्षांपूर्वी आपण कुठे बसायचो, हे तुला सांगायला नको.

आईचा नियम आठवतो? आधी मोठा, मग धाकटा. अंघोळीचं गरम पाणी आधी तुला. नवा शर्ट तुला, तो तुला आखूड झाला की मला. तुझे बूट पुढे कापूस कोंबून मला. तुझ्या टाचा ज्या बाजूला झिजायच्या त्याच बाजूला झिजलेले बूट घालून मी शाळा संपवली. वायरमनच्या खोलीतही आपण तेच केलं. सुई एक, आधी तू, मग मी. त्या वेळी ते मला वावगं वाटलंच नाही. मी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर बसलो नाही, तेवढी छातीच नव्हती. म्हणजे हेही मला तुझ्याकडून आलं असणार. आणि तुझ्याकडून आलं असेल तर ते आधी तुझ्याकडे असणार. पहिलीतल्या पोराचं गणित आहे.

मी भांडायला लिहीत नाही. म्हणजे, थोडं भांडायलाही लिहितोय. पण मागणं एकच आहे, रक्त तपासून घे. निघालंच तर रोज एक गोळी, तीन महिने, आणि माणूस बरा होतो. बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मला वकील नको, पैसे नकोत, भेटायलाही येऊ नकोस. पोलिसांनी दार ठोकलं तेव्हा मागच्या खिडकीतून आधी कोण गेलं आणि मग कुणाला वेळ उरला नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यापुढेही सांगणार नाही. फक्त तपासून घे.

तुझा धाकटा


११ जानेवारी

दादा,

स्वेटर मिळाला. कोपरांना विरलाय, पण उबदार आहे. तुझाच ना? गळ्याशी अजून तुझ्या तेलाचा वास येतो. तुझं वापरलेलं इथेही माझा माग काढत आलं म्हणून मी एकटाच हसलो. हसलो आणि घातला. थंडीला मान-अपमान कळत नाही.

खिशातली चिठ्ठीही मिळाली. "मी नेहमी आधी असायचो, हे विसरलास का? मला काही झालेलं नाही. तुला तिकडचंच काहीतरी लागलं असेल. दुकानाच्या पत्त्यावर असलं पुन्हा लिहू नकोस." आठ वर्षांनी चार वाक्यं, आणि त्यात मला कसं काय विचारणारं एकही नाही.

चिठ्ठी मी मास्तरांना दाखवली. ते म्हणाले, "तुझ्या भावाचं म्हणणं काय, तो आधी घ्यायचा म्हणजे त्याला सुई कोरी मिळायची?" मी म्हटलं, हो. मास्तर म्हणाले, "आणि ती खोली कुणाची होती?"

दादा, खोली कुणाची होती? वायरमनची. विजेच्या मोटारी गुंडाळायच्या त्याच्या दुकानामागची, तारांच्या गुंडाळ्या आणि उघडे पंखे पडलेले असायचे ती. खोली त्याची, चमचा त्याचा, पाण्याचा पेला त्याचा, कापसाचा बोळा त्याचा. म्हणून पहिला तो. मग तू, मग मी. आपल्या दोघांत तू पहिला होतास, त्या खोलीत तू दुसरा होतास. मोजताना तू घरातलीच माणसं मोजलीस. आणि सुईचं एक वेळ सोडून दे. बाई म्हणतात, तो चमचा, तो पेला, तो बोळा, सगळ्यातून ते जातं. धुवायचं काम माझ्याकडे होतं, घरातली भांडी माझ्याकडे होती तसंच. मी त्याच पेल्यातल्या पाण्याने धुवायचो आणि तेच पाणी आपण दुसऱ्या दिवशीही वापरायचो. आपण त्याला स्वच्छता म्हणायचो!

आणि वायरमन कशाने गेला ते आठव. कावीळ झाली म्हणाले. पोट ढोलासारखं, अंग खाजवून खाजवून रक्त काढायचा. आपण त्याला पोहोचवून आलो, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच चमच्यावर बसलो, कारण किल्ली तुझ्याकडे होती. मला वाटतं, त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच एक शब्द बोललेलो नाही.

तुला तिकडचंच लागलं असेल, म्हणतोस. तर ऐक, इथे मी कशाला हात लावलेला नाही. स्वच्छ आहे. माझ्या डोक्यावर खापर फोडून तुझं यकृत साफ होत असतं, तर मी डोकं पुढे केलं असतं. सवय आहे.

इकडची खबर अशी, की माझं भटारखान्यातलं काम गेलं. मी कांदे सोलायचो. निकाल कळल्यावर हवालदार म्हणाला, "तुझ्या हातचं कोण खाणार?" बाईंनी त्याला समजावलं, की एकत्र जेवून, शेजारी झोपून, हात मिळवून हे होत नाही. त्याने मान हलवली आणि मला अंगण झाडायला लावलं. न्हावीही आता माझी दाढी सगळ्यांच्या शेवटी करतो. इथेही माझा नंबर शेवटचाच. फक्त कांदे सोलताना नाकाने सोलणारा कोणी भेटला, की मला तुझी आठवण यायची, ती तेवढी आता येत नाही.

तपासून घे. चिठ्ठी नको लिहूस, नुसतं तपासून घे.

तुझा धाकटा


६ फेब्रुवारी

दादा,

तू आलास.

आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावाचा पुकारा झाला. मी झाडू टाकून धावलो. जाळीपलीकडे तू उभा होतास, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, दुकानदार शोभत होतास. मला वाटलं, पत्र लागू पडलं. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो, आणि तू आधी विचारलंस ते हे, "आत आल्यावर कधी घेतलीस का? खरं सांग. आईची शपथ."

आईची शपथ घालायची काही गरज नव्हती, दादा.

मी गेल्या पत्रात खोटं लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी, एकदा. बराकीत एकच सुई होती, पेनाच्या नळीची केलेली, आणि ती बिड्यांच्या बदल्यात फिरायची. आई गेल्याची बातमी तू चार महिन्यांनी कळवलीस, दुसऱ्याच्या तोंडी, तो आठवडा होता. मी कितवा होतो ते मला माहीत नाही. एकदाच. पुन्हा नाही. हे तुला जाळीतून सांगितलं, कारण तू शपथ घातलीस आणि मला वाटलं, समोर आलेल्या भावाशी तरी खोटं बोलू नये.

आणि तुझा चेहरा काय खुलला! पास झालेल्या पोराचा खुलतो तसा. "मग झालं तर," म्हणालास. "तिथेच लागलं तुला." मी ओरडून सांगत होतो, की बाई म्हणाल्या जुनं आहे, त्याच्या कितीतरी आधीचं आहे, पण तू घड्याळ बघायला लागला होतास. दुकान उघडायचं होतं तुला. माझी खुशाली विचारायला आला नव्हतास, तुझी सुटका न्यायला आला होतास, आणि ती मी माझ्या हाताने जाळीतून दिली.

तू गेल्यावर मी इतका चिडलो की मास्तरांनी मला धरून बसवलं. मग चिडणं ओसरलं आणि जे बघितलं होतं ते आठवायला लागलं. तू बोलताना सगळा वेळ मनगट खाजवत होतास. एक झालं की दुसरं. तुझ्या दंडांची पार काडी झालीय, आणि शर्टाची बटणं मात्र पोटावर ताणलेली होती. चपलांचे पट्टे पायात रुतलेले होते. जाळीची सावली होती म्हणून डोळ्यांचं नीट सांगता येत नाही, पण मला ते पांढरे वाटले नाहीत. दादा, तुझ्या दुकानात भिंतीभर आरसे आहेत. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत वाकून बघतोस तू. नंबर काढतोस. एकदा वळून स्वतःकडे बघ रे.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुला भीती कशाची आहे हे मला कळतं. गाव लहान, रक्त तपासणाऱ्याचा चष्मा तुझ्याच दुकानातला, उद्या तो बायकोला सांगणार, बायको गल्लीला. मग वहिनी विचारणार, हे तुला कुठून? झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल. पण मुठीत काय आहे ते बघ.

माझ्या गोळ्या सोमवारी सुरू झाल्या. बाईंच्या सांगण्यावरून कंपाउंडर रोज स्वतःसमोर गिळायला लावतो. पंधरा दिवस थांबतो. तोवर तू गेला नाहीस तर मी वहिनींना लिहीन, घरच्या पत्त्यावर. धमकी समज हवं तर.

धाकटा


१ मार्च

वहिनी,

आपली ओळख नाही. तुमच्या लग्नात मी नव्हतो, तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. तुमच्या घरात माझं जे सांगितलं जातं ते तसंच राहू द्यायला माझी हरकत नव्हती. पण मी जहाजावर नाही. मी तुरुंगात आहे, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात, आणि ऑगस्टमध्ये सुटेन.

हे पत्र वाचून तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. पुढचं मात्र पूर्ण वाचा.

दादा आणि मी तरुणपणी सुईने नशा करायचो. बरीच वर्षं. दादाने ती स्वतःच्या हिमतीवर सोडली, मी पकडला गेल्यानंतर, आणि त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. सोडणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. पण त्या वेळचा एक आजार रक्तात राहतो. माझ्यात तो निघालाय. दादात असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. तो तपासायला तयार नाही. मी त्याला तीनदा लिहिलं. त्याचं पोट, त्याचे पाय, त्याचं खाजवणं तुम्ही रोज बघत असाल. तुम्ही त्याला कशी घेऊन जाल ते तुम्हीच ठरवा. रागावून, रडून, खोटं सांगून, कसंही. पण न्या.

तुमचं आणि मुलीचंही रक्त एकदा तपासून घ्या. घाबरू नका, नवराबायकोत तो सहसा जात नाही. दाढीचं पातं, नखं कापायचं यंत्र एकमेकांचं वापरू नका, एवढंच.

दादाला सांगा, की कप्तानाने बोट बुडवली. त्याला कळेल.

तुमचा दीर


२० मे

दादा,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील. त्यांनी कळवलंय, की तुला आता अक्षर लावायचाही शीण होतो. वहिनी, कंसातलं वाचू नका म्हणणार होतो, पण आता कंस कशाला? सगळंच वाचा.

त्यांचं उत्तर मला मार्चातच आलं. मी वाट बघत होतो शिव्यांची. त्यांनी लिहिलं होतं, "भावजी, हातावरचे वण मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पाहिले होते. लहानपणी फार इंजेक्शनं झाली, असं ते म्हणाले. मी विश्वास ठेवला असं त्यांना वाटू दिलं. ते कधीतरी आपणहून सांगतील म्हणून थांबले." म्हणजे तू त्यांच्यापासून लपवत होतास, त्या तुझ्यापासून लपवत होत्या की त्यांना माहीत आहे, आणि मी दुकानाच्या पत्त्यावर लिहीत बसलो होतो तुझी अब्रू सांभाळत. तिघं शहाणे! पहिलंच पत्र घरी टाकलं असतं तर अडीच महिने वाचले असते.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, कधी सुई घेतली होतीत का, आणि तू नाही म्हणालास. पोटात पाणी झालेलं, डोळे पिवळे, आणि तू नाही म्हणालास. वहिनींनी बाहेर येऊन खरं सांगितलं. मी हे वाचून मास्तरांसमोर तुला अशा शिव्या घातल्या की भाषेच्या माणसाने कानांवर हात ठेवले.

यकृतात गाठ आहे, असं वहिनी लिहितात. त्यांनी पाठवलेले तुझे कागद मी डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, विषाणूवर गोळ्या आहेत, पण गाठ एवढी वाढल्यावर त्या गोळ्यांनी फार काही होत नाही. वर्षा-दोन वर्षांपूर्वी आले असते तर, म्हणाल्या. बैल गेला आणि झोपा केला, हे शाळेत आपण दोघांनीही पाठ केलं होतं. तेही पुस्तक आधी तुझंच होतं.

माझ्या गोळ्या संपल्या. रक्तात आता काही सापडत नाही. सुटल्यावर पुन्हा एकदा बघायचं, मग मी सुटलो. विचार कर, दादा. ज्याला कुलपात ठेवलं त्याला औषध तोंडात घालून गिळायला लावलं. जो मोकळा होता त्याला कुणी विचारलं नाही, आणि ज्याने विचारलं त्याला तू दुकानाच्या पत्त्यावर असलं लिहू नकोस म्हणालास.

जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी तुझ्याआधी मिळालं. मला नको होतं रे ते. आधी तुला मिळून मग उरलेलं मला मिळालं असतं तरी चाललं असतं, खरंच चाललं असतं.

रजेसाठी अर्ज केला होता. सख्खा भाऊ आजारी आहे, असं लिहिलं. कारकुनाने विचारलं, "भेटीची एक नोंद सोडली तर या भावाचं नाव आठ वर्षांत तुझ्या कुठल्याच कागदावर कसं नाही?" मी काय सांगणार? अर्ज नामंजूर झाला. तुझं नाव मी घेतलं नव्हतं ना कधी.

ऑगस्टपर्यंत थांब. एवढं तरी माझं ऐक.

तुझा धाकटा


९ सप्टेंबर

दादा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही. सवय लागली म्हणून लिहितोय.

तू जुलैतच गेलास. मी सुटलो तेव्हा फाटकाशी वहिनी उभ्या होत्या, आणि त्यांचं बोट धरून तुझी चिंगी. मी दोघींना ओळखलं नाही, चिंगीने मला ओळखलं. तुझं नाक आहे म्हणे मला. ते मोठं कुलपाचं दार तिला बंदराचं वाटलं. "काका, जहाज आत आहे का?" तिने विचारलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "तिला अजून तेच माहीत आहे. तुम्हाला चालेल ना?" मला न चालायला काय झालं होतं? आठ वर्षं कप्तान होतो, आणखी थोडे दिवस सही.

वहिनींनी मला दुकानावरची खोली दिली आणि तुझं कपाट उघडून दिलं. म्हणाल्या, "नवे घेऊ सावकाश. तोवर हे घाला." तुझे शर्ट, दादा. सात-आठ. बाह्या मला अजूनही लांब होतात. मी त्या दुमडून घेतो. वहिनी दुकान चालवतात, मी फ्रेमा पुसतो, स्क्रू आवळतो. आरसे मात्र मी पुसत नाही, ते त्यांना सांगितलंय. गिऱ्हाईकं तुझी आठवण काढतात. काय देवमाणूस, म्हणतात, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही, आणि काविळीने गेला बिचारा. वहिनी मान हलवून नंबर लिहून घेतात. तुझ्या नावावरच दुकान चाललंय, हे मलाही दिसतं.

चिंगी सगळा वेळ माझ्या मागे. लाटा केवढ्या असतात, मासे बोटीत उडी मारतात का, रात्री समुद्र दिसतो की नुसता ऐकू येतो. मी धडाधड थापा मारतो. बराकीची जहाजाची खोली झाली, हवालदाराचा खलाशी झाला, मास्तर झाले दुर्बीणवाले. मला कळलं, तू ही थाप का सोडत नव्हतास. तिच्या डोळ्यांत आपण जे होतो ते सोडवत नाही.

वहिनींनी स्वतःचं आणि चिंगीचं रक्त अजून तपासलेलं नव्हतं. तुझ्या आजारपणात राहिलं, मग धीर होईना. काल मीच म्हटलं, चला, माझंही शेवटचं बघायचं आहे, तिघंही जाऊ. आपल्या चौकातली तीच प्रयोगशाळा, जिच्या पायऱ्या चढायला तू घाबरलास. पाच पायऱ्या आहेत, दादा. चिंगी माझं बोट धरून उड्या मारत चढली.

आत बाकावर गर्दी. निम्म्या तोंडांवर आपल्या दुकानाचे चष्मे. काउंटरवरच्या मुलाने वहिनींना बसल्या जागेवरून विचारलं, "हिपॅटायटिस सी कशासाठी तपासायचाय? घरात कुणाला होता का? लिहावं लागतं."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. बाकावरचं बोलणं थांबलं होतं. चिंगी वर बघत होती, आईकडे, मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "मला होता."

"तुम्हाला कसा लागला?"

"तुरुंगात. सुईने."

बघ, तुला हवं होतं ते अखेर मी भर चौकात, चार लोकांसमोर सांगून टाकलं. तिकडचंच लागलं मला. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो मुलगा लिहायला लागला. आणि चिंगीने विचारलं, "तुरुंगात? म्हणजे जहाजावर नाही?" मी नाही म्हटलं. तिने जरा विचार केला आणि माझं बोट सोडलं. रागावून सोडलं नाही. चुकून दुसऱ्याचंच धरलं गेलं होतं, असं सोडलं.

मी पुन्हा तुझं नाव घेतलं नाही. खिडकीच्या वेळी घेतलं नाही आणि आता, तू नसताना, तेव्हाही नाही. या वेळी मात्र ते तुझ्यासाठी नव्हतं. तिला निदान एक तरी माणूस चांगला हवा ना.

मग परिचारिका दारात आली. "पहिलं कोण?" मी उठलो, शर्टाची बाही वर करायला घेतली. माझी शीर सापडायला वेळ लागतो, म्हटलं आपण आधी उरकून घ्यावं, पोरीचीही भीती जाईल. आधी मोठा, जिभेवर आलंच होतं.

चिंगी आईच्या मागून म्हणाली, "काकांच्या आधी मी. त्यांच्या नंतरची सुई मला नको."

वहिनी तिला गप्प करायला गेल्या. परिचारिका हसून म्हणाली, "अगं, इथे प्रत्येकाला नवी असते," आणि तिने कागदाचं पाकीट तिच्यासमोर फाडून दाखवलं. मी खाली बसलो. सहा वर्षांची पोर, दादा, आणि तिला जे सुचलं ते आपल्या दोघांना त्या खोलीत एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नाही.

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. तू जा आधी."

तुझा धाकटा